सूचीत माळरान नाही: पुनरुज्जीवनाचे नकाशे करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पर्यावरण पुनरुज्जीवनाचे आराखडे करणारे, त्यांना मंजुरी देणारे आणि त्यासाठी अधिवासांचे नकाशे काढणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या भिंतीवर आमच्या तालुक्याचा नवा पुनरुज्जीवन आराखडा पाहिला. ज्या माळावर मी २२ वर्षं पक्षी मोजतो आहे, तो माळ नकाशात शोधायला वेळ लागला नाही. ओढ्याचं वळण आणि जुनी गाडीवाट ओळखीची होती. माळ फिकट तपकिरी रंगात होता. खाली कोपऱ्यात रंगांची सूची होती आणि त्या रंगापुढे लिहिलं होतं, 'पडीक, झुडपी; वृक्षलागवडीस योग्य'. तिथल्या साहेबांना मी विचारलं, यात माळरानाचा रंग कोणता? त्यांनी सूची वरपासून खालपर्यंत बोट ठेवत वाचली. शेती, दाट जंगल, विरळ जंगल, पाणी, वस्ती, पडीक. "माळरान असा प्रकारच नाहीये यात," ते म्हणाले. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हाती जी सूची आली ती त्यांनी वाचली.

ही सूची ज्यांनी ठरवली त्यांच्यासाठी हे पत्र आहे. उघड लिहितो आहे, कारण असे तपकिरी तुकडे फक्त आमच्या तालुक्यात नाहीत.

मी निवृत्त भूकरमापक आहे. नोकरीची बहुतेक वर्षं सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात गेली. सुरुवातीला प्लेन टेबल घेऊन, पुढे मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर. एका दुपारी हद्दीच्या दगडाशी सावली शोधत बसलो होतो आणि समोरचा एक तांबूस खडा चार पावलं पळाला, थांबला, पुन्हा पळाला. तो धाविक पक्षी होता. त्या दिवसापासून जी नोंदवही सुरू केली ती अजून चालू आहे. अशा ११ वह्या झाल्या आहेत. माळाचं नाव मुद्दाम देत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा पत्ता गावभर करायचा नसतो.

बाहेरच्या माणसाला हा माळ मे महिन्यात दाखवला तर तो म्हणेल, इथे काय आहे? मुरूम, वाळलेली कुसळं, चार बोरीबाभळी. त्याच मुरमावर तेव्हा माळटिटवी अंडी उबवत असते. ऑगस्टमध्ये पवन्या आणि मारवेल ही गवतं गुडघ्याला लागतात आणि त्यात लाव्यांची, चंडोलांची घरटी असतात. डिसेंबरात गवत सोनेरी झालं की मध्य आशियातून आलेले भोवत्ये (इंग्रजीत हॅरियर) संध्याकाळी त्यात मुक्कामाला उतरतात. हे शिकारी पक्षी झाडावर झोपत नाहीत, जमिनीवर गवतात झोपतात. एका जागी, घोळक्याने. एका संध्याकाळी मी ३७ मोजले होते. दिवसभर टोळ आणि उंदीर टिपून ते सूर्यास्ताच्या सुमारास चारी दिशांनी येतात, गवतावरून दोन-तीन फेऱ्या मारतात आणि एकेक करत खाली बसतात. अंधार पडला की त्या माळावर काही आहे असं कुणाला सांगून पटणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार शब्दाची आहे. महसुलाच्या भाषेत ज्या जमिनीत पीक येत नाही, ज्यावर आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही, ती पोटखराबा नाहीतर पडीक. हे शब्द मी स्वतः वर्षानुवर्षं लिहिले आहेत आणि आकारणीपुरते ते बरोबरही आहेत. पण आकारणीचा शब्द उचलून निसर्गाच्या नकाशात ठेवला की त्याचा अर्थ बदलतो. मग इथे काही नाही, आणि म्हणून इथे काहीतरी केलं पाहिजे, असं होतं. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह २०१९ साली काढला, त्यात सुमारे ५ कोटी ५८ लाख हेक्टर जमीन पडीक धरली आहे. देशाच्या भूभागाच्या जवळपास १७ टक्के. त्यात खाणीने उकरलेली आणि क्षारांनी मेलेली जमीन आहे, हे खरं. पण तशीच झुडपी राने आहेत, चराऊ कुरणं आहेत, वाळवंटातली वाळू आहे, हिमालयातला बर्फसुद्धा आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी देशातल्या अर्धशुष्क खुल्या परिसंस्थांचा वेगळा नकाशा केला, तेव्हा त्या देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर निघाल्या आणि त्यांतल्या ५ टक्क्यांहून कमी जमिनीला संरक्षित क्षेत्राचं छत्र असल्याचं दिसलं. उरलेल्यातली बरीचशी जमीन 'पडीक' या रकान्यात बसलेली आहे.

याचा परिणाम लगेच दिसतो. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पूर्ववत करण्याचं वचन देशाने दिलं आहे. आपल्या राज्यात २०१९ च्या एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. एवढ्या रोपांना जागा कुठून आणायची? शेतात लावता येत नाहीत, जंगलात आधीच झाडं आहेत. मग बोट त्या तपकिरी रंगावर जातं. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी माळांवर आज ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड उभं आहे. त्याखाली पवन्या उगवत नाही, मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत आणि धाविक तिथे पाय ठेवत नाही. हिशेबात मात्र ते क्षेत्र 'पुनरुज्जीवित' झालेलं असतं.

दुसरी तक्रार नकाशा ज्या छायाचित्रावरून केला त्याबद्दल. उपग्रहाच्या चित्रातून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात आणि तो कमी आला की जमीन निकृष्ट ठरते. माळाचा हिरवेपणा ऑक्टोबरनंतर उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. गवत मेलेलं नसतं, ते मुळाशी जिवंत असतं. माळाची बरीचशी शिल्लक जमिनीच्या खालीच असते. उन्हाळ्यातल्या एका चित्रावर विसंबलात तर माळ नापीक दिसणारच. बरं, चित्रं मिळत नाहीत असंही नाही. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची १० मीटर बारकाव्याची चित्रं दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि एप्रिल अशी चार चित्रं शेजारी ठेवली तर नांगरून पड टाकलेलं शेत आणि कधीच न नांगरलेला माळ यांतला फरक बराचसा उघड होतो. शेताचा रंग झटक्यात बदलतो, माळाचा हळूहळू.

त्यात प्रमाणाचा प्रश्न आहे. १:५०,००० च्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आमच्या माळावर भोवत्यांचा मुक्काम ज्या गवतात असतो, तो तुकडा त्या नकाशात पेन्सिलीच्या टोकाएवढाही भरत नाही. जिल्ह्याचं धोरण ठरवायला हा नकाशा चालेल. चर कुठे खणायचा हे ठरवायला तो चालत नाही, आणि तोच वापरला जातो.

तिसरी तक्रार जरा लांबवून सांगतो, कारण इथेच सर्वांत मोठी चूक होते असं मला वाटतं. अधिवासाचा नकाशा करताना पक्ष्यांच्या नोंदींचे ठिपके घेतले जातात. जिथे ठिपके दाट, तिथे अधिवास चांगला. जिथे ठिपका नाही, तिथे पक्षी नाही. पण ठिपके पक्षी टाकत नाहीत, माणसं टाकतात. आणि माणसं सुट्टीच्या दिवशी, रस्त्याच्या कडेने, शहरापासून दोन तासांच्या आत टाकतात. २०२३ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यामागे ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी होत्या. ९४२ जाती त्यात तपासल्या आणि १७८ जाती अधिक चिंतेच्या ठरल्या. गवताळ आणि खुल्या रानातल्या पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे मांडली आहे. एवढं मोठं काम लोकांनी केलं याचा मला अभिमान आहे. माझ्याही वह्यांतल्या नोंदी त्यात आहेत. पण त्या नोंदींवरून जमिनीच्या एखाद्या गटात पक्षी नाही असं कुणी ठरवू लागलं, तर मी थांबवेन. त्या गटात कुणी गेलंच नसेल. 'पाहणी झाली, पक्षी आढळला नाही' आणि 'पाहणीच झाली नाही' या दोन गोष्टी आमच्या तालुक्याच्या नकाशात एकाच कोऱ्या रंगात आहेत.

एक चुकीचा ठिपका काय करतो याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. रानपिंगळा हे सातपुड्याच्या अंगाचं, दिवसा हिंडणारं छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. फक्त रिचर्ड माइनर्ट्झहेगन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक टिपल्याचा दावा होता. त्या नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मोठमोठ्या लोकांनी पुढे त्याचा शोध घेतला आणि त्यांना तो मिळाला नाही. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासले तेव्हा उघड झालं की तो पक्षी संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता. माइनर्ट्झहेगनने तो पुन्हा भरून वर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटं ठिकाण बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणी, शहाद्याच्या रानात शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये आणि अगदी मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलातही मिळाला. तिथल्या नकाशात त्या आधी त्याचा ठिपका नव्हता, पक्षी होता.

काम नीट करता येतं हेही दिसलेलं आहे. केरळने २०१५ ते २०२० या काळात पूर्ण राज्याचे चौकोन पाडले, सोयीचे नव्हे तर ठरवून निवडलेले चौकोन घेतले आणि प्रत्येकात पावसाळी व कोरड्या अशा दोन्ही ऋतूंत माणसं पाठवली. १,००० हून अधिक स्वयंसेवकांनी हे केलं. आपल्याकडे पक्षीनिरीक्षकांची वानवा नाही. त्यांना चौकोन वाटून देणारं कुणी नाही.

चौथी तक्रार वेळेची आहे, आणि ती लिहिताना मला अजून त्रास होतो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी माळावर पोचलो तर जेसीबीचा आवाज. पावसाआधी पाणी मुरवण्यासाठी समतल चर खणायचं काम निघालं होतं. ज्या सरळ रेषेत यंत्र येत होतं, तिच्यावरच माळटिटवीचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, मुरमात तळहाताएवढा खळगा आणि कडेने मांडलेले बारीक खडे. आत चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, वर काळपट डाग. मी हात वर करून आडवा उभा राहिलो. चालक विशीतला पोरगा होता. खाली उतरून आला. "कुठंय घरटं, काका?" मी बोट दाखवलं तरी त्याला दिसेना. शेवटी बसून जवळून दाखवलं. "आयला, हे तर खडेच वाटत्यात," म्हणाला. मग उठला, काही न बोलता यंत्र मागे घेतलं आणि वीस पावलं सोडून पुढे खणायला लागला. त्याच्या हातात जो कागद होता त्यावर ही सोय नव्हती. त्याने आपल्या मनाने केली.

मी तीन दिवस लांबून बघत होतो. टिटवी बसून राहिली. ऊन चढलं की ती उठायची, ओढ्यातल्या डबक्यावर जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि परत येऊन अंड्यांवर बसायची. माळटिटव्या असं करतात. मुरूम तापला की अंडी अशीच गार ठेवावी लागतात. आता त्या डबक्याच्या आणि तिच्या मध्ये मातीचे नवे ढिगारे होते आणि ढिगाऱ्यांवर कावळे बसायला लागले होते. चौथ्या दिवशी खळगा रिकामा होता. अंडी कुणी नेली ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

रोपं जूनमध्ये लावायची, म्हणून खड्डे आणि चर मार्च ते मे या काळात काढायचे, हा सरकारी कामाचा क्रम आहे. धाविकाचा आणि माळटिटवीचा विणीचा हंगाम नेमका तोच. आराखड्यात पक्ष्यांचं वेळापत्रक मांडलेलं असतं तर हे कागदावरच दिसलं असतं. आणि अधिवास म्हणजे अंडी असलेला खळगा एवढंच नव्हे. ते डबकंही त्यात येतं. पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे कबुतराएवढे पक्षी, रोज सकाळी ठरल्या वेळी पाण्यावर येतात. त्या किती लांबून येतात हे मी मोजू शकलेलो नाही. खळगा राखला आणि डबकं बुजवलं तर नकाशात अधिवास शाबूत दिसेल, पक्षी मात्र राहणार नाही. त्याच चरांच्या उत्तरेकडच्या अंगाला, भोवत्यांच्या मुक्कामाच्या जागी, आणखी एक वर्ष आधी रोपं लागली होती. ती आता कमरेएवढी झाली आहेत. दोन हिवाळे झाले, तिथे एकही भोवत्या उतरलेला नाही.

पाचवी तक्रार ज्यांना विचारलं नाही त्यांच्या वतीने. मोजणीला गेलो की आम्हाला लगतच्या खातेदारांना आधी नोटीस द्यावी लागायची. ते हजर असताना हद्द दाखवायची. लगतवाल्याला न कळवता केलेली मोजणी टिकत नाही. या आराखड्यासाठी माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या एकाही धनगराला कुणी विचारलेलं नाही. ज्यांना सगळे आबा म्हणतात ते वयस्क मेंढपाळ माझ्याबरोबर अनेकदा असतात. नकाशात ज्याचा एकच तपकिरी ठिपका आहे त्या माळाचे आबांच्या तोंडी सात तुकडे आहेत. कोल्ह्याची दरी, खडकीची लवण, पवन्याचं रान, अशी नावं. कुठल्या तुकड्यात मेंढरं कधी घालायची नाहीत, कुठलं गवत कधी मोकळं सोडायचं, पखुर्ड्या कुठल्या डबक्यावर येतात, लांडगी कुठे व्याली, हे त्यांना माहीत आहे. तिकडे अकोला-वाशिम भागात तणमोराच्या बाबतीत हेच दिसलं. गवतातून उंच उडी मारून मादीला बोलावणारा तो पक्षी आता अतिसंकटग्रस्त आहे, आणि तो कुठल्या रानात येतो हे फासेपारध्यांना सर्वांत आधी ठाऊक होतं. त्यांना सोबत घेतल्यावरच तिथलं काम पुढे सरकलं.

न विचारता रेषा ओढली की काय होतं हे सोलापूरजवळच्या नान्नजने दाखवलं. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं आली, गावं आली, रस्ते आले. मी त्या बाजूला मोजणीला जायचो तेव्हा 'माळढोक' हा शब्द लोक शिवीसारखा उच्चारायचे. पुढे ती हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. आधी रेषा एवढी मोठी की तिच्यात माळ हरवला, मग पुष्कळ लहान, आणि मधल्या काळात लोकांचं मन पक्ष्यावरून उडालं. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. राजस्थानातही तेच वळण आलं. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, विजेच्या तारा त्याला चुकवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जवळपास ९९,००० चौरस किलोमीटरमध्ये ओव्हरहेड तारांवर बंधनं घातली, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. अधिवासाचा बारीक नकाशा वीजवाहिन्यांच्या आधी तयार असता तर हा वाद एवढा लांबला नसता. आमच्याकडे सौर प्रकल्प येऊ घातले आहेत. त्यांनाही जागा लागते आणि तीही पडीकच्याच रकान्यात शोधली जाते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, या भागात पाणी नाही, चर नकोत तर काय हवं? मी इथलाच आहे, टँकरच्या रांगेत उभा राहिलो आहे. पाण्याला आणि झाडाला माझा विरोध नाही. ओढ्याकाठी, गावठाणात, बांधांवर, खाणींच्या खड्ड्यांभोवती झाडं लावा. मी स्वतः रोपं घेऊन येतो. जिथे माती खरोखर वाहून गेली आहे, गवत संपलं आहे, तिथे चर जरूर काढा. पण कधीच न नांगरलेल्या माळाचं गवत एकदा उलथलं की ते मूळच्या वाणांसह परत यायला दशकं लागतात. पाणी मुरवायचं काम ते गवत आजही करतं आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. राज्यातल्या प्रत्येक पुनरुज्जीवन आराखड्याच्या सूचीत 'नैसर्गिक माळरान' हा स्वतंत्र प्रकार घाला. तो पडीकचा पोटप्रकार नको. पहिली मागणी हीच, आणि बाकीच्या मान्य झाल्या नाहीत तरी ही व्हावी.

२. ज्या जमिनीवर चर, रोपं किंवा सौर पॅनेल प्रस्तावित आहेत, तिथे मंजुरीआधी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत पायी पाहणी करा. जिथे पाहणी झाली नाही तो चौकोन तसा लिहून वेगळ्या रंगात दाखवा.

३. ही पाहणी होईपर्यंत माळरानांवर मार्च ते ऑगस्ट यंत्राने खोदकाम बंद ठेवा.

४. आराखड्याचा मसुदा मराठीत, गट क्रमांकांसह, ग्रामसभेत लावा, आणि तो मेंढपाळ आपल्या वस्तीवर असतात त्या महिन्यांत लावा. भटकंतीवर गेलेल्या माणसाची हरकत कोण नोंदवणार? जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. ती बहुतेक ठिकाणी कपाटात आहे. तिच्यात माळाच्या तुकड्यांची नावं आणि वापर लिहून घ्या आणि नकाशाला जोडा.

५. माळाचं पुनरुज्जीवन म्हणजे काय ते आराखड्यात स्पष्ट लिहा. विलायती बाभूळ आणि ग्लिरिसिडिया काढणं, स्थानिक गवताचं बी पेरणं, चराईला आळीपाळीने विश्रांती देणं. यशाचं माप लावलेल्या रोपांची संख्या नसावी. त्या माळावर चंडोल, धाविक, भोवत्ये टिकले का, वाढले का, हे दरवर्षी मोजून जाहीर करा.

६. नकाशामागची माहिती लोकांना खुली ठेवा. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र झाकून, ढोबळ चौकोनातच दाखवा. अंडी चोरणारे आणि छायाचित्रासाठी घरट्यावर चढणारे, दोघांपासून त्यांना जपावं लागतं.

आमच्या तालुक्याच्या आराखड्यावर मी लेखी हरकत दाखल केली आहे. सोबत ११ वह्यांच्या छायाप्रती आणि हाताने काढलेला माळाचा नकाशा जोडला आहे, आबांनी सांगितलेल्या सातही नावांसह. मोजणीची सवय आहे, म्हणून प्रमाण आणि उत्तर दिशा घातली आहे. आपल्यापैकी कुणीही पाहणीला येणार असाल तर मी बरोबर चालेन. दर रविवारी सूर्योदयाला मी माळावर असतो. पायात बूट घाला, कुसळं फार आहेत. आणि एप्रिलमध्ये आलात तर मी आधी चालेन, तुम्ही माझ्या पावलावर पाऊल ठेवून या, म्हणजे अंडी चिरडणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक